पाटीवरचं ‘लिमिटेड’ कुणासाठी असतं?

प्रश्न : आमचे इचलकरंजीत थोडे यंत्रमाग आहेत. वर्षानुवर्षं एकाच व्यापाऱ्याला उधारीवर कापड देतो. मध्यंतरी त्यांच्या दुकानावर नवी पाटी आली. ‘ट्रेडर्स’ गेलं आणि ‘टेक्स्टाइल्स प्रायव्हेट लिमिटेड’ आलं. आमचे वडील म्हणतात, शेठ आता मोठे झाले, पैसे बुडायची भीती गेली. कॉमर्सला असलेली माझी मुलगी म्हणते, उलट आता जपून राहायला हवं. खरं कुणाचं? आणि माणूस मोठा झाल्यावर स्वतःला ‘लिमिटेड’ कशाला म्हणवून घेईल?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : खरं मुलीचं. पण वडिलांना कुणी हसू नये, कारण बाजारातले बरेच जाणते लोक त्यांच्यासारखाच विचार करतात.

तुमची शेवटची शंका फार योग्य आहे. मराठीत हा शब्द आपण रोज वापरतो. अनलिमिटेड थाळी परवडली नाही की लिमिटेड थाळी मागवतो. मुंबईत बेस्टची लिमिटेड बस मोजक्याच थांब्यांवर थांबते. एकदिवसीय क्रिकेट लिमिटेड ओव्हर्सचं असतं. मोजून-मापून बोलणाऱ्या माणसाला आपण ‘त्याचं बोलणं लिमिटेड’ म्हणतो. सगळीकडे अर्थ एकच, हात आखडता. कंपनीच्या पाटीवर तेवढा तो शब्द छाती फुगवून उभा राहिल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तिथेही त्याचा अर्थ हात आखडता असाच आहे. फक्त कुणाचा हात आणि कुठे आखडता, हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

मर्यादा असते ती मालकांच्या जबाबदारीला. धंदा बुडाला तर मालकांच्या खिशातून जास्तीत जास्त किती काढता येईल, याची हद्द हा शब्द सांगतो. ही हद्द म्हणजे त्यांनी घेतलेल्या शेअरची रक्कम. समजा, दोन भावांनी एक लाखाचं भागभांडवल घालून कंपनी काढली आणि ती रक्कम पूर्ण भरली. पुढे कंपनीवर चाळीस लाखांचं देणं झालं आणि ती कोसळली. कंपनीच्या नावावरचा माल, यंत्रं, लोकांकडून येणं असलेली रक्कम, बँकेतली शिल्लक असं सगळं मोडून तीस लाख उभे राहिले, तर उरलेले दहा लाख ज्यांचे होते त्यांचे गेले. भावांचा एक लाख गेला, पण राहता बंगला, शेत आणि घरातलं सोनं यांना साधारणपणे कुणी हात लावू शकत नाही.

इथे एक बारकावा ध्यानात ठेवा. कंपनीच्या स्वतःच्या जबाबदारीला मर्यादा नसते. तिने शेवटच्या खुर्चीपर्यंत सगळं विकून देणी फेडायची असतात. मर्यादा असते ती तिच्या भागधारकांना. ‘कंपनी लिमिटेड आहे, म्हणून ती थोडंच देणं लागते’ असं कुणी सांगितलं, तर ते साफ चूक आहे.

आता शेठजींचं जुनं दुकान आठवा. ते एकट्याच्या मालकीचं असेल, तर कायद्याच्या दृष्टीने दुकान आणि शेठजी एकच. दुकानाचं कर्ज ते शेठजींचं कर्ज, आणि वसुली त्यांच्या घरापर्यंत जाऊ शकते. भागीदारी असेल, तर १९३२च्या भागीदारी कायद्याप्रमाणे प्रत्येक भागीदार पेढीच्या सगळ्या देण्याला एकेकट्याने आणि मिळून जबाबदार असतो. एक भागीदार परागंदा झाला, तर घेणेकरी दुसऱ्याकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. जुन्या मराठी पुस्तकांवर ‘आणि मंडळी’ आणि जुन्या दुकानांवर ‘अँड कंपनी’ असं छापलेलं दिसतं. त्या ‘कंपनी’ने असं कुठलंही संरक्षण मिळत नव्हतं आणि आजही मिळत नाही. ते फक्त ‘आम्ही एकटे नाही’ एवढंच सांगतं. संरक्षण येतं ते नोंदणीने, आणि त्या नोंदणीची खूण म्हणून नावाच्या शेवटी ‘लिमिटेड’ येतं.

म्हणजे जुन्या पाटीमागे शेठजींचं सगळं घरदार उभं होतं. नव्या पाटीमागे आहे ते फक्त कंपनीचं भांडवल आणि कंपनीची मालमत्ता.

प्रश्न : पण ही सवलत मालकांच्या फायद्याची असेल, तर तिची जाहिरात नावातच कशाला?

उत्तर : ती जाहिरात नाही. तो इशारा आहे आणि कायद्याने सक्तीने लिहायला लावलेला आहे.

ही गोष्ट इंग्लंडची. तिथे १८५५च्या कायद्याने भागधारकांच्या जबाबदारीला सरसकट मर्यादा घालायची सोय झाली. त्याआधी ही सवलत राजाच्या सनदेने किंवा संसदेच्या खास कायद्याने एखाद्याच कंपनीला मिळे. नव्या कायद्यावर टीकेची झोड उठली. कर्ज काढायचं आणि बुडाल्यावर हात वर करायचे, ही अनीती आहे, असं प्रतिष्ठित व्यापारी म्हणत होते. त्यावर तोडगा असा निघाला की, सवलत घ्या, पण ती लपवू नका. नावाचा शेवटचा शब्द ‘लिमिटेड’ असला पाहिजे. १८५६च्या सुधारित कायद्याने तर हे नाव कचेरीबाहेर ठळकपणे रंगवायला लावलं. उधार देणाऱ्याने पाटी वाचावी आणि मगच ठरवावं, असा सरळ हिशेब होता.

हा शब्द नावात घालण्याच्या कल्पनेचं श्रेय ब्रॅमवेल या इंग्रज न्यायाधीशांना दिलं जातं. आपल्या थडग्यावर ‘लिमिटेड’ एवढाच शब्द कोरा, असं ते गमतीने म्हणाले होते, असं सांगतात.

सुरुवातीला या शब्दाला प्रतिष्ठा नव्हतीच. विशेषतः बँकांना तो नको असे. आमच्या मागे आमच्या भागधारकांची सगळी इस्टेट उभी आहे, हीच बँकेची मोठी जाहिरात होती. हा अभिमान मोडला तो ऑक्टोबर १८७८मध्ये, सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली तेव्हा. संचालकांनी वर्षानुवर्षं खोटे ताळेबंद मांडले होते. बँक अमर्यादित जबाबदारीची असल्यामुळे तूट भागधारकांकडून वसूल करायला सुरुवात झाली. शंभर पौंडांच्या भागामागे आधी पाचशे पौंड, मग आणखी सव्वादोन हजार. १,८१९ भागधारकांपैकी जेमतेम २५४ जण या वसुलीतून दिवाळं न निघता बाहेर पडले. घरात गुंतवणूक म्हणून चार भाग ठेवलेल्या विधवा आणि पेन्शनर त्यात रस्त्यावर आले. संचालकांना तुरुंगवास झाला, पण त्याने कुणाचं घर परत आलं नाही. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये बँकांसाठी कायदा बदलला आणि मोठ्या बँका एकामागून एक ‘लिमिटेड’ झाल्या. जो शब्द बँका टाळत होत्या, तोच त्या अभिमानाने लावू लागल्या. तुमच्या वडिलांच्या मनातल्या मानमरातबाची सुरुवात तिथे आहे. शहाण्या संस्था ‘लिमिटेड’ असतात, असा लोकांचा ग्रह झाला आणि इशारा हळूहळू बिल्ला बनला.

याची टर उडवायलाही इंग्रज चुकले नाहीत. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या १८९३च्या ‘यूटोपिया लिमिटेड’ या संगीत नाटकात एक अख्खा देशच लिमिटेड कंपनी होतो.

प्रश्न : एकच माणूस मालक, तोच चालक, आणि तरी कंपनी ‘वेगळी’? हे कोर्टात टिकतं?

उत्तर : टिकतं, आणि ते टिकवणारा खटला वकिलीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही पाठ असतो.

लंडनमध्ये ॲरन सालोमन नावाचे चामडी बुटांचे कारखानदार होते. धंदा चांगला चालला होता. १८९२ साली त्यांनी कंपनी काढली आणि आपला धंदा तिला सुमारे ३९ हजार पौंडांना विकला. तेव्हा कंपनीला किमान सात भागधारक लागत. म्हणून बायको, मुलगी आणि चार मुलगे यांना एकेक शेअर दिला. एकूण शेअर २०,००७, त्यातले २०,००१ स्वतः सालोमन यांचे. किमतीपैकी दहा हजार पौंड कंपनी त्यांना देणं लागत होती आणि त्यापोटी कंपनीची मालमत्ता त्यांच्याकडे तारण होती. म्हणजे एकच गृहस्थ कंपनीचे जवळजवळ एकटे मालकही आणि तिचे तारणवाले सावकारही.

बुटांच्या धंद्यात संप झाले, मागणी घसरली आणि १८९३ साली कंपनी मोडीत निघाली. तारणवाल्यांचं भागवल्यावर बाकीच्या घेणेकऱ्यांना काहीच उरणार नव्हतं. ते म्हणाले, ही कसली कंपनी, हे तर सालोमन स्वतःच. खालच्या दोन्ही कोर्टांनी त्यांचं ऐकलं. पण १८९६च्या नोव्हेंबरमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने एकमताने निकाल फिरवला. नोंदणी कायदेशीर झाली असेल, तर कंपनी ही कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती आहे; तिचे शेअर एका घरात आहेत की हजार घरांत, याने फरक पडत नाही. घेणेकऱ्यांना पाटी वाचता येत होती, मग उधार देण्याआधी चौकशी का केली नाही, असा या निकालाचा रोख होता.

आपल्याकडची कोर्टंही हेच तत्त्व मानतात. कंपनीचा बुरखा करून कुणी फसवणूक केली, तर कोर्ट तो बुरखा बाजूला सारून मागच्या माणसांना धरू शकतं. पण त्यासाठी लबाडी सिद्ध करावी लागते. धंदा बसला, एवढं पुरत नाही.

प्रश्न : आपल्याकडे हा शब्द कधी आला?

उत्तर : इंग्लंडच्या पाठोपाठच. १८५७च्या कायद्याने हिंदुस्थानात कंपन्यांना मर्यादित जबाबदारी मिळाली. बँका आणि विमा कंपन्या तेव्हा वगळल्या होत्या. १८६०मध्ये बँकांनाही ती सवलत मिळाली. आणि लगेच मुंबईने तिची कसोटी पाहिली.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू होतं. तिकडचा कापूस इंग्लंडला जाणं थांबलं, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र भरून जमीन काढायच्या, बँका काढायच्या, वित्तपुरवठ्याच्या, अशा कंपन्या रोज निघू लागल्या. बॅकबे रेक्लमेशन त्यांतलीच. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे बाजारभाव झाला. १८६५मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि फुगा फुटला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो ८७ रुपयांवर आला.

तुम्ही कधी शेअर घ्यायचे म्हणाल, तर त्या काळात शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. तेव्हा शेअरची पूर्ण रक्कम एकदम भरायची पद्धत नव्हती. थोडी आता, बाकीची कंपनी मागेल तेव्हा. या मागणीला ‘कॉल’ म्हणतात. न भरलेली रक्कम हे भागधारकाचं देणंच असतं आणि कंपनी बुडाली तरी ते सुटत नाही. ज्यांनी दोन पैसे भरून दहा पैशांचे शेअर घेतले होते, त्यांची मर्यादा दोन नव्हती, दहा होती. आज बाजारात घेतलेले शेअर बहुतेक पूर्ण भरलेले असतात, त्यामुळे घातलेले पैसे जातील यापलीकडे तुमच्याकडे कुणी काही मागू शकत नाही. ‘पार्टली पेड’ असं लिहिलेला शेअर घेताना मात्र उरलेली रक्कम बाजूला ठेवूनच घ्यावा.

हे इतकं धोक्याचं असेल, तर सरकारने अशी सवलत ठेवलीच कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण तिच्याशिवाय मोठा धंदा उभा राहत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. १९२० साली तिथला नांगरांचा कारखाना ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ झाला. नांगर कसा ओततात हे ज्याला ठाऊक नाही आणि जो कारखान्यात कधी पाऊल ठेवणार नाही, असा माणूसही कंपनीत शंभर रुपये घालू शकतो, ते शंभरच्या वर जाणार नाहीत अशी हमी असते म्हणून. ती हमी नसती तर कारखाना घरच्यांच्या आणि सोयऱ्यांच्या पैशांपुरताच वाढला असता. धोका मालकांवरून घेणेकऱ्यांकडे थोडा सरकतो, ही या सोयीची किंमत. म्हणून घेणेकऱ्याला आधी सांगून ठेवायचं, ही तिची अट.

प्रश्न : ‘प्रायव्हेट’ काय आहे आणि ‘पब्लिक लिमिटेड’ म्हणजे सरकारी का?

उत्तर : नाही. ‘पब्लिक’ म्हणजे लोकांना शेअर विकायची मोकळीक असलेली. रिलायन्स इंडस्ट्रीज ही पब्लिक लिमिटेड कंपनी आहे, तिचा सरकारशी मालकीचा संबंध नाही. सरकारी कंपन्याही ‘लिमिटेड’ असतात. ओझरला विमानं बनवणारी हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड हे जवळचं उदाहरण. उलट, स्वतंत्र कायद्याने जन्मलेल्या संस्थांना हा शब्द लागत नाही. पुण्यात १९३५मध्ये नोंदलेली बँक १९६९च्या राष्ट्रीयीकरणापर्यंत ‘द बँक ऑफ महाराष्ट्र लिमिटेड’ होती. राष्ट्रीयीकरणानंतर नावातलं ‘लिमिटेड’ गळालं.

‘प्रायव्हेट’ म्हणजे शेअर बाहेरच्या लोकांना विकायला बंदी आणि हस्तांतरावर निर्बंध. २०१३च्या कंपनी कायद्यात यासाठी किमान दोन आणि जास्तीत जास्त २०० सभासद. पब्लिकसाठी किमान सात. एकट्या माणसाचीही कंपनी निघते, तिच्या नावात ‘ओपीसी’ लिहावं लागतं. आणि जी गोष्ट वडिलांना आवर्जून सांगा ती ही : खासगी कंपनीला पूर्वी किमान एक लाखाचं भांडवल लागे, २०१५च्या दुरुस्तीने तेही काढून टाकलं. आज दहा हजार रुपयांच्या भांडवलावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ उभी राहू शकते. पाटी मात्र लाखमोलाची दिसते.

पाटीवरचा शब्द लटका असेल, तर तोही गुन्हा आहे. नोंदणी न करता नावापुढे ‘लिमिटेड’ किंवा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लावलं, तर त्याच कायद्याच्या कलम ४५३प्रमाणे रोज किमान पाचशे आणि कमाल दोन हजार रुपये दंड. शिवाय कलम १२ सांगतं की, कंपनीने कचेरीबाहेर नाव लावताना ते त्या भागातल्या लोकांना वाचता येईल अशा लिपीतही लिहिलं पाहिजे. आपल्या गावोगावच्या पाट्यांवर देवनागरीतलं ‘प्रायव्हेट लिमिटेड’ दिसतं, त्यामागे हाही नियम आहे. इशारा द्यायचा तर तो वाचणाऱ्याला समजला पाहिजे, हे १८५६चं तत्त्व अजून जागेवर आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गेटवर ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ आहे. पतसंस्थेच्या पासबुकावरही ‘मर्यादित’ आहे. ते हेच का?

उत्तर : हेच. फक्त सहकाराने शब्द मराठी घेतला. सोसायटीत तुमचे पन्नास रुपये दर्शनी किमतीचे पाच-दहा शेअर असतात. सोसायटी बुडाली तर तुमची जबाबदारी तेवढीच. पण ही सबब महिन्याच्या मेंटेनन्सला चालत नाही. तो तुमचा स्वतःचा हिशेब आहे, आणि तो थकवला तर सोसायटी निबंधकाकडून वसुली दाखला आणू शकते.

सहकारात सगळंच कायम मर्यादित नव्हतं. १९०४च्या सहकारी कायद्याखालच्या ग्रामीण पतसंस्था अमर्यादित जबाबदारीच्या होत्या. गावातल्या एकाने कर्ज बुडवलं तर बाकीच्यांनी भरायचं. त्यामागे विचार असा की, मग शेजारी शेजाऱ्यावर डोळा ठेवील. प्रत्यक्षात ज्याच्याकडे चार बिघे जमीन होती तो अशा संस्थेपासून लांबच राहू लागला, कारण सगळ्यांच्या कर्जाचा बोजा शेवटी त्याच्याच बांधावर येणार. स्वातंत्र्यानंतर ग्रामीण कर्जपुरवठ्याची पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीने १९५४च्या अहवालात मर्यादित जबाबदारीच्या मोठ्या संस्थांची शिफारस केली. त्या समितीत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळही होते.

पतसंस्थेच्या बाबतीत एक गैरसमज मात्र महागात पडतो. ‘मर्यादित’ म्हणजे ठेवीला काही सरकारी मर्यादेपर्यंत संरक्षण आहे, असं काही जण समजतात. ठेव विमा पाच लाखांपर्यंत मिळतो तो बँकांमध्ये, सहकारी बँकाही त्यात आल्या. पतसंस्थांना तो लागू नाही. पासबुकावर ‘बँक’ लिहिलंय की ‘पतसंस्था’, हे ठेव ठेवण्याआधी बघावं.

प्रश्न : आता मुख्य. या व्यापाऱ्याला पुढे उधार द्यावं की नाही?

उत्तर : द्यावं, पण आता कुणाला देतोय हे ठरवून.

पहिली गोष्ट, जुनी बाकी. ती शेठजींनी आपल्या जुन्या दुकानाच्या नावावर केली होती, म्हणून ती त्यांचीच आहे. कंपनी निघाल्याने ती आपोआप कंपनीकडे जात नाही. देणेकरी बदलायचा तर घेणेकऱ्याची संमती लागते. म्हणून ‘जुनं सगळं आता कंपनीकडे वळवलंय, इथे एक सही करा’ असा कागद पुढे आला, तर वाचल्याशिवाय सही करू नका. त्या सहीने तुम्ही शेठजींना मोकळं करून कंपनीला देणेकरी करून घेत असाल.

दुसरी गोष्ट, नवं बिल कुणाच्या नावाचं. पाटीपेक्षा जीएसटी क्रमांक जास्त खरं बोलतो. पंधरा अक्षरी क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्यातलं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, ‘पी’ असेल तर समोर एकटा माणूस आहे, ‘एफ’ असेल तर भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), ‘एच’ असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब, आणि ‘सी’ असेल तर कंपनी. बिल हातात घेऊन हे एक अक्षर बघायला दोन सेकंद लागतात.

तिसरी, कंपनीची पत. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नाव टाकलं की नोंदणीची तारीख, भरलेलं भांडवल, संचालक आणि मालमत्तेवरचे बोजे दिसतात. अधिकृत भांडवल आणि भरलेलं भांडवल यांत गल्लत करू नका. पहिला आकडा ही परवानगी आहे, दुसरा आकडा म्हणजे प्रत्यक्ष आलेले पैसे. बोज्यांच्या यादीत बँकेचं नाव असेल, तर गोदामातलं कापड आधी बँकेचं आहे असं समजा. कंपनी मोडीत निघाली तर कामगारांचे पैसे आणि तारणवाली बँक पुढे असते, सरकारचं येणंही तुमच्या आधी. उधारीवर माल दिलेला माणूस भागधारकांच्या जरा पुढे उभा असतो, एवढंच. आणि दिवाळखोरीच्या कायद्याचा बडगा उगारायचा तर थकबाकी किमान एक कोटीची लागते, लाखाच्या बाकीवर तो दरवाजा बंद आहे.

चौथी, बँका करतात तेच करा. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक कधीच नुसत्या ‘लिमिटेड’वर विसंबत नाही, ती संचालकांची वैयक्तिक हमी घेते. ती हमी दिली की संचालकाचं घरदार पुन्हा पणाला लागतं. कंपनीचं दिवाळखोरीचं प्रकरण मिटलं म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१मध्ये स्पष्ट केलं आहे. मोठ्या बाकीसाठी तुम्हीही शेठजींची लेखी हमी मागू शकता. वर्षानुवर्षांचा संबंध आहे, मागायला संकोच वाटेल. पण ज्यांना कंपनीवर विश्वास आहे, त्यांना हमी द्यायला अडचण नसावी.

पाचवी, तुमच्या हातातलं हत्यार. तुम्ही कापड विणता, म्हणजे उत्पादक आहात. उद्यम नोंदणी केली असेल, तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी तुमचे पैसे ४५ दिवसांच्या आत यायला हवेत, करार नसेल तर १५ दिवसांत. उशिराला बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. खरेदीदार एकटा माणूस असो की लिमिटेड कंपनी, नियम तोच.

आणि क्रम चुकवू नका. नव्या नावाने पहिली गाठ पाठवण्याआधी जुन्या दुकानाचा खातेउतारा काढा, बाकीचा आकडा अक्षरी लिहा आणि त्याखाली शेठजींची तारखेसह सही घ्या. मुदत उलटण्याआधी घेतलेल्या अशा सहीने वसुलीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत नव्याने सुरू होते, आणि ते देणं कुणाचं होतं यावर पुढे वाद उरत नाही.